प्लॅटिनमच्या भट्टीतले पेट्रोल

पेट्रोल बनवायला प्लॅटिनम वापरावे असे कोणी सुचवले, तर तुम्ही हसाल. पण अमेरिकेत व्लादिमिर हेन्सेल यांनी नेमके हेच केले आणि १९४९ मध्ये मिशिगन राज्यातील मस्कीगन येथे तसा पहिला कारखाना सुरूही झाला. त्या काळी प्लॅटिनम सोन्याहून महाग होते!

खनिज तेलातून मिळणाऱ्या नॅप्थात कार्बनच्या सरळ साखळ्या असतात. इंजिनात दाब वाढला की त्या ठिणगीची वाट न पाहताच पेटतात आणि इंजिन खटखट आवाज करू लागते. सरळ साखळीच्या हेप्टेनचा ऑक्टेन अंक शून्य धरला आहे. तितकेच कार्बन अणू असलेल्या टोल्युइनचा मात्र शंभराच्या वर जातो. फरक आहे तो कड्याचा. टोल्युइन, बेंझीन आणि झायलीन यांत सहा कार्बन अणूंचे कडे असते. यांना ॲरोमॅटिक म्हणतात.

आता वहीत हिशेब करा. मिथिल सायक्लोहेक्झेनमध्ये हायड्रोजनचे चौदा अणू, टोल्युइनमध्ये आठ. म्हणजे हायड्रोजनचे तीन रेणू बाहेर पडले पाहिजेत. ते काम प्लॅटिनम करते. ते ज्या ॲल्युमिनावर पसरलेले असते, त्याच्या आम्लधर्मामुळे साखळ्यांची रचना बदलते. प्लॅटिनम शेकडा एक भागाहूनही कमी लागते आणि ते खर्ची पडत नाही.

ही प्रक्रिया उष्णता शोषते. सुमारे ५०० अंश सेल्सिअसला आत गेलेली वाफ थंड होते. म्हणून एकामागून एक तीन-चार पात्रे आणि मध्ये भट्ट्या ठेवतात.

एक गंमत पाहा. हायड्रोजन बाहेर पडायला हवा, तरी त्यातला काही मुद्दाम परत आत सोडतात! वर्गात मुले म्हणतात, "सर, ल शातलिएच्या तत्त्वाप्रमाणे तर हे उलटेच झाले." बरोबरच आहे, उत्पन्न थोडे घटते. पण हायड्रोजन नसेल, तर प्लॅटिनमवर भराभर काजळी चढून ते निकामी होते. कारखान्यात अशी तडजोड करावी लागते.

भारतात २००० साली पेट्रोलमधून शिसे गेले, तेव्हा ॲरोमॅटिकांचे महत्त्व आणखी वाढले. पण बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून आपल्याकडे पेट्रोलमध्ये ते आकारमानाने शेकडा एकाहून जास्त चालत नाही. त्यासाठी काही कारखाने सहा कार्बनांचे रेणू प्लॅटिनमपर्यंत पोहोचण्याआधीच ऊर्ध्वपातनाने बाजूला काढतात.