कोण कोणाच्या पंगतीला
पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळ्या घरांमधून जमत आणि प्रभुभोजन म्हणजे तेव्हा खरेखुरे जेवण असे. करिंथात मात्र सुखवस्तू लोक आधीच जेवून घेत. बाकीचे गोरगरीब उपाशी राहत. इ.स. 55च्या सुमारास प्रेषित पौलाने पत्रातून करिंथकरांना खडसावले: एकमेकांसाठी थांबा. अंत्युखियात यहुदी नसलेल्या बांधवांच्या पंगतीतून अंग काढून घेणाऱ्या येशूच्या शिष्याला, पेत्रालाही त्याने सर्वांसमक्ष जाब विचारला. मंडळी एक आहे की नाही, हे पानावरच ठरत होते. महाराष्ट्राला हे वेगळे समजावून सांगायला नको! कवी नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, तरी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले नव्हते. त्यांनी बाप्तिस्मा 1900 साली घेतला. कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय मात्र त्याआधीच केला होता.