मोठ्या तलावातली जलपर्णी : तीस वर्षांचा मागोवा

१९९५ मध्ये भोज पाणथळ प्रकल्प सुरू झाला, तेव्हा भोपाळच्या तलावांना जलपर्णीनं आणि बेशरमाच्या झुडपांनी चांगलंच ग्रासलं होतं. राजा भोजानं अकराव्या शतकात कोलांस नदी अडवून बांधलेला मोठा तलाव शहराला पाणी पाजत होता आणि शहर आपलं सांडपाणी त्यातच सोडत होतं.

जपानच्या कर्जातून हे काम २००४ पर्यंत चाललं. गाळ उपसला, काही नाले वळवले, मूर्तिविसर्जनासाठी प्रेमपुऱ्याला घाट बांधला. जलपर्णीही उपसली. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती मोठी चिवट. फुगीर देठामुळे तरंगते, खाली मुळांचा काळपट झुपका लोंबतो. आडव्या धुमाऱ्याच्या टोकाला नवं रोप फुटतं. ओढताना एखादा धुमारा तुटून मागे राहिला, की तिथून पुन्हा सुरुवात. बी तर गाळात पंधरा-वीस वर्षंही तग धरतं. तिचा थर दाटला की खाली ऊन पोहोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात आणि पाणपक्ष्यांना उघडं पाणी उरत नाही.

ऑगस्ट २००२ मध्ये मोठा आणि छोटा असे दोन्ही तलाव महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. सारस इथे मोठ्या संख्येनं जमतात, हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. त्यांच्यासाठी एवढी मेहनत सार्थकीच लागली, असं मी मनापासून मानतो.

बाहेरून घुसलेल्या जिवाशी असाच लढा दुसरीकडेही झाला. दक्षिण जॉर्जिया बेटावर जहाजांतून आलेले उंदीर तिथल्या तिरचिमणीची अंडी-पिल्लं फस्त करत होते. २०११ ते २०१५ या काळात हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं गेलं आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. हिमनद्यांनी बेटाचे तुकडे पाडलेले असल्यानं एकेक भाग साफ करत जाता आलं. भोवती समुद्र असल्यानं नव्या जहाजांवर करडी नजर ठेवली की पुरे.

भोपाळला ती सोय नाही. इथे वाट नाल्यांची आहे. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद हेच जलपर्णीचं खत. म्हणून त्या प्रकल्पातलं सर्वांत मोलाचं काम मी उपसणीला नव्हे, नाले वळवण्याला म्हणेन. आणि नेमकं तेच अपुरं राहिलं. छोट्या तलावाचे हाल तर अधिकच. त्याला स्वतःची नदी नाही. मोठ्या तलावातून पाझरेल ते आणि वस्तीतून वाहून येईल ते, एवढंच त्याचं पाणी. तिथे दरवर्षी माणसं उतरवून जलपर्णी काढण्याआधी प्रत्येक नाल्याचं तोंड शुद्धीकरण केंद्राकडे वळायला हवं.