ओएच नाही, तरीही आम्लारी

२६ डिसेंबर २०२३ च्या रात्री चेन्नईच्या उत्तरेला एन्नोरच्या किनाऱ्यावर कोरोमंडल इंटरनॅशनलच्या खत कारखान्याला समुद्राखालून येणाऱ्या वाहिनीतून अमोनिया गळला. पेरियकुप्पम, चिन्नकुप्पम या कोळीवस्त्यांतली माणसं अपरात्री घराबाहेर पळाली. कुणाचे डोळे चुरचुरत होते, कुणाला श्वास घेता येत नव्हता. पन्नासएक जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. तामिळनाडू प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिथलं समुद्राचं पाणी तपासलं, तर लिटरमागे ४९ मिलिग्रॅम अमोनिया निघाला. मर्यादा आहे ५ मिलिग्रॅमची.

इतका झोंबणारा वायू आम्लच असणार, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात अमोनिया आम्लारी आहे. गंमत म्हणजे रेणुसूत्र पाहूनही हा घोळ मिटत नाही. अमोनियाचं सूत्र एनएच३. शाळेत आपण पाठ केलेलं असतं की हायड्रोजन दिसला की आम्ल, ओएच दिसला की आम्लारी. इथे हायड्रोजन तीन आणि ओएच एकही नाही!

अक्षरं मोजून हे ठरत नाही. पाण्यात काय घडतं ते पाहावं लागतं. अमोनिया पाण्याच्या रेणूकडून हायड्रोजन आयन ओढून घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड आयन उरतो. सौम्य द्रावणात शंभरातले एक-दोन रेणूच असं करतात, म्हणून तो दुर्बल आम्लारी. पुस्तकात ‘अमोनिअम हायड्रॉक्साइड, एनएच४ओएच’ असं छापलेलं असतं, पण ती लिहिण्याची सोय आहे. असा पदार्थ वेगळा काढून बाटलीत भरता येत नाही. उलट अल्कोहोलच्या सूत्रात ओएच ठळक दिसतो, पण ते आम्लारी नाही. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लात हायड्रोजन चार, त्यातला एकच सुटतो.

आम्लात ऑक्सिजन असतोच, हा समज तर खुद्द रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएचा. १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचं दाखवलं आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसल्याचं पक्कं झालं. नावातच त्याची खूण आहे: क्लोराइडवरून ‘हायड्रोक्लोरिक’. मूलकात, म्हणजे आम्लातला हायड्रोजन सोडून उरलेल्या भागात, ऑक्सिजन असेल तर ‘हायड्रो’ लागत नाही. सल्फेटचं सल्फ्युरिक, सल्फाइटचं सल्फ्युरस.

सूत्रातले आकडेही पाठांतराचे नव्हेत, प्रभाराच्या हिशेबाचे आहेत. फॉस्फेटवर तीन ऋण प्रभार, म्हणून फॉस्फोरिक आम्ल एच३पीओ४. अमोनिया आणि हे आम्ल एकत्र आलं की अमोनिअम फॉस्फेट तयार होतं. एन्नोरला अमोनिया लागतो तो अशाच खतांसाठी. चुन्याच्या निवळीत कॅल्शिअमवर दोन धन प्रभार, म्हणून सीए(ओएच)२. कंस गाळला तर ते दोन फक्त हायड्रोजनला लागतात आणि सूत्र चुकतं. परीक्षेतले गुण बहुधा इथेच जातात.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज मात्र सूत्राबाहेरचा आहे: आम्ल जाळतं, आम्लारी निरुपद्रवी. अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो, म्हणून डोळे, नाक, घसा या ओलसर जागी तो आधी भिनतो. तो आम्लारी आहे म्हणून डोळ्यांत लिंबू किंवा व्हिनेगर घालून उतारा करू नका. स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटं डोळे धुवा आणि डॉक्टरांकडे जा.