रंगीची खोली

सकाळी सव्वासहा
ह्यूस्टनला अजून उजाडलेलं नसतं. कामाच्या खोलीचं दार मी बोटभर उघडते, मोबाइलच्या मंद उजेडात आधी फरशी बघते आणि मगच पाय आत टाकते. तीन वर्षं हीच सवय आहे, कारण या खोलीत आमची रंगी मोकळी असते. रंगी व्हेल्ड शॅमेलिऑन आहे. मूळ येमेनकडची ही जात, पण रंगीचा जन्म इथलाच, पाळीव जोडीच्या पोटचा. कोकणात आम्ही घोयरा म्हणतो, त्याची ही लांबची बहीण.

शेफ्लेराच्या वरच्या फांदीवर ती झोपली आहे. झोपेत अंगाचा रंग उतरून पार फिका होतो आणि शेपटी चकलीसारखी गुंडाळलेली असते. झाडाखालच्या कागदावर तिची शी पडली आहे. त्यातला पांढरा भाग पांढराच आहे ना, हे वाकून बघते. तो नारिंगी दिसला, तर पाणी कमी पडतंय असं समजायचं.

मग पंप घेऊन पानांवर बारीक फवारा मारते. वाटीतलं साचलेलं पाणी या प्राण्याला कळतच नाही. पानावरून ओघळणारा थेंब दिसला तरच तो चाटतो.

सात
दिवे लागतात. एक उबेचा, आणि एक लांब नळी अतिनील किरणांची. खोलीला पूर्वेची मोठी खिडकी आहे, ऊन भरपूर येतं, पण हाडं घट्ट करणारे किरण काच अडवते. म्हणून नळीला पर्याय नाही. उबेच्या दिव्याला जाळी आहे आणि तो फांदीपासून वीतभर लांब टांगलाय. मोकळा शॅमेलिऑन थेट दिव्यावर चढतो, आणि कातडी भाजेपर्यंत तिथून हलत नाही.

रंगी उजेडात सरकली, दिव्याकडची कूस चपटी करून तिनं ती गडद केली. आज मात्र गडदपणा जरा जास्तच आहे. हिरव्यावर पिवळे आणि निळसर ठिपके उठलेत. लोक म्हणतात, हा प्राणी पानात लपायला रंग बदलतो. तीन वर्षं बघून सांगते, तो रंग म्हणजे तिची तब्येत आणि तिचं मन आहे.

नऊ
आईचा फोन. कुडाळला संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. "ते तुझं विषारी जनावर कसं आहे?" तिचा रोजचा प्रश्न. "आई, त्याला विष नसतं," हे माझं रोजचं उत्तर. बोलता बोलता मी पाच रातकिडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून खोल डब्यात टाकते आणि डबा फांदीला अडकवते. सुटे सोडले, तर ते कपाटामागे जातात आणि रात्री झोपलेल्या रंगीलाच कुरतडतात.

एरवी एक डोळा माझ्यावर, दुसरा डब्यावर असतो. मग दोन्ही डोळे डब्यावर जुळतात आणि अंगाच्या दीडपट जीभ सुटते. आज तिनं डब्याकडे पाहिलंही नाही. वहीत लिहिलं : खाल्लं नाही, ठिपके.

दहा ते एक
हिशेबाचं काम, दोन मीटिंग.

दीड
जेवून आले, तर रंगी झाडावर नाही. खोडावरून उतरून ती फरशीवर चालत होती. पुढच्या पायाची तीन बोटं आत, दोन बाहेर. फांदी धरायला सांडशीसारखा उत्तम, पण सपाट फरशीवर तो पाय पाहवत नाही. प्रत्येक पाऊल घसरतं.

पहिल्या वर्षी ती अशीच उतरली होती. भिंतीकडेनं फिरत होती, कोपरे खरवडत होती. मला वाटलं, बाईसाहेब घर बघायला निघाल्या. मी व्हिडिओ काढला, तो आईला पाठवला, लेकीनं टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी ती भरदुपारी डोळे मिटून बसली. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, पोट अंड्यांनी गच्च भरलेलं. नर कधी जवळ आला नसला, तरी मादी अंडी धरते, आणि घालायला माती मिळाली नाही तर अडकून मरते. इंजेक्शनांनी ती वाचली. तीन दिवस ती माती शोधत होती आणि मी तिचं कौतुक करत होते. आजही ते आठवलं की पोटात कालवतं.

आता झाडाशेजारी मोठी टोपली आहे, फूटभर ओल्या वाळू-मातीची. मी दारातच थांबले. तिनं टोपलीच्या कडेवर पाय ठेवला, एक डोळा माझ्याकडे वळवला. कोणी बघतंय असं वाटलं, तर ती खणणं अर्धवट सोडते. लॅपटॉप उचलला, पडदा ओढला, दार लावलं.

पाच
लेक शाळेतून आली. दारावर तिनंच चिठ्ठी चिकटवली : "आत येऊ नका, रंगी कामात आहे." तिची मैत्रीण विचारत होती, आम्हीही आमचा शॅमेलिऑन घरभर सोडू का? मी सरळ सांगितलं, सोडू नका. बंद होणारी खोली, खरं झाड, दोन्ही दिवे, दिवसातून दोनदा फवारा आणि मादी असेल तर माती, हे सगळं जमत असेल तरच सोडा. नाहीतर जाळीचा उंच पिंजरा कितीतरी बरा. घरभर भटकणारा शॅमेलिऑन बहुतेक वेळा काहीतरी शोधत असतो.

सात
दिवे मालवायच्या आधी फटीतून पाहिलं. माती सारखी करून वर थापलेली, रंगी फांदीवर. नाकाला माती, कुशी खपाटीला गेलेल्या. पानावरचे थेंब ती किती तरी वेळ चाटत राहिली. ती झोपल्यावर आम्ही दोघींनी हलक्या हातानं माती उकरली. बावीस अंडी, फलन न झालेली.

आईला निरोप पाठवला आणि खाली तिच्यासाठी, तिच्या शेजारपाजाऱ्यांसाठीही लिहिलं : पाऊस सरला की आपल्याकडचा घोयरा डांबरी रस्त्यावर डुलत डुलत जाताना दिसतो. त्यातल्या पुष्कळ माद्या असतात, अंड्यांसाठी माती शोधायला उतरलेल्या. मारू नका. घरीही आणू नका, १९७२च्या कायद्यानं त्याला संरक्षण आहे. गाडी थांबवा, आणि तो ज्या बाजूला निघालाय त्या बाजूला जाऊ द्या.