डोळ्यातलं मांस कापण्याआधी विचारायचा एक प्रश्न

आज घरी गेलात की आई-बाबांना, आजी-आजोबांना उजेडात बसवा आणि त्यांचे डोळे जरा जवळून बघा. बुबुळाच्या नाकाकडच्या बाजूला, पांढऱ्या भागावर, गुलाबी मांसल अशी त्रिकोणी पट्टी दिसते का? तिचं टोक बुबुळावर चढलंय का? हॉस्टेलवर राहत असाल तर घरून जवळून काढलेला एक फोटो मागवा. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात शेतात, वीटभट्टीवर किंवा रस्त्याच्या कामावर आयुष्य काढलेल्या माणसांच्या डोळ्यात अशी पट्टी दिसली तर नवल वाटायला नको. विचारलंत तर उत्तरही ठरलेलं असतं : ‘काही नाही रे, बरीच वर्षं आहे.’

बरीच वर्षं आहे हे खरं. काही नाही, हे मात्र खरं नाही. दवाखान्यात सोबत जाणारं, चिठ्ठी वाचणारं, डॉक्टरांना दोन प्रश्न विचारणारं घरातलं माणूस बहुतेक वेळा तुम्हीच असता. म्हणून हे तुम्हाला माहीत असायला हवं.

हे नेमकं आहे काय?

डॉक्टर याला टेरिजियम म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ छोटा पंख. आपल्याकडे कुणी वडस म्हणतं, कुणी पडदा, तर कुणी सरळ ‘डोळ्यात मांस वाढलंय’ असं सांगतं. पडदा म्हटलं की अनेकांना मोतीबिंदू वाटतो. पण मोतीबिंदू डोळ्याच्या आतल्या भिंगात होतो. टेरिजियम बाहेरून, डोळ्याच्या पृष्ठभागावर वाढतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ आवरण असतं, त्यातून ते सुरू होतं आणि हळूहळू बुबुळावरच्या पारदर्शक काचेवर, म्हणजे कॉर्नियावर सरकतं.

नुसताच पिवळसर उंचवटा असेल आणि तो बुबुळावर चढलेला नसेल तर ते बहुधा पिंग्युक्युला असतं. त्याला सहसा ऑपरेशन लागत नाही. टेरिजियम हा कॅन्सर नाही. मात्र डोळ्याच्या पृष्ठभागावरचा एक क्वचित होणारा कॅन्सर कधी कधी अगदी असाच दिसतो. म्हणून वाढ एकदा तरी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवणं आणि ऑपरेशन झालंच तर कापलेला तुकडा लॅबमध्ये तपासून घेणं, या दोन गोष्टी टाळायच्या नाहीत.

आपल्याच भागात का?

विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण ३७ अंशांपर्यंतच्या पट्ट्याला डॉक्टर मंडळी ‘टेरिजियम बेल्ट’ म्हणतात. आपला जिल्हा साधारण १९ अंश उत्तरेला, म्हणजे उत्तरेकडच्या पट्ट्याच्या जवळजवळ मधोमध. ऊन, धूळ आणि कोरडा वारा ही याची मुख्य कारणं. त्यातही उन्हातली अतिनील किरणं सगळ्यात मोठं कारण. आता आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणा. पारनेर, जामखेड, कर्जतचा कमी पावसाचा माळ, पाथर्डी-शेवगावहून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, एमआयडीसीतलं वेल्डिंग, आणि व्हिझर वर करून नगर-पुणे रोडला सुसाट जाणारे आपण. वेल्डिंगच्या ठिणगीतूनही अतिनील किरणं निघतात, हे आयटीआयवाल्यांनी खास लक्षात ठेवावं.

मांस बहुतेक वेळा नाकाच्याच बाजूला का वाढतं, याचं एक पटणारं स्पष्टीकरण आहे. कानाच्या बाजूने तिरपा आलेला प्रकाश कॉर्नियातून वाकतो आणि नाकाकडच्या कडेवर एकवटतो. भिंगाने कागद जाळायचा खेळ आपण सगळ्यांनी केलाय, तसंच काहीसं.

महाराष्ट्रातला आकडाही आहे. नागपूरजवळच्या शेतीवर जगणाऱ्या गावांमध्ये ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या पाहणीत ३० वर्षांवरच्या सुमारे ४,७०० लोकांचे डोळे तपासले गेले. त्यांतल्या जवळपास १३ टक्के लोकांना टेरिजियम होतं. वय वाढेल तसं प्रमाण वाढत गेलेलं दिसलं.

पहिला उपाय : कापायचं नाही, जपायचं

वाढ छोटी असेल, नजरेला त्रास नसेल, तर ऑपरेशनची घाई नसते. डोळा चुरचुरत असेल, कोरडा वाटत असेल तर डॉक्टर ओलावा देणारे ड्रॉप्स देतात. त्याने आराम पडतो. पण एक गोष्ट पक्की : कुठलाही ड्रॉप हे मांस वितळवत नाही. तसं कुणी सांगत असेल तर नमस्कार करून निघा. मध, दूध, झाडपाल्याचा रस घालणं तर त्याहून धोक्याचं. त्यातून जंतू गेले आणि कॉर्नियाला फूल पडलं तर होती ती नजरही जाते.

खरा सापळा मेडिकलच्या काउंटरवर असतो. ‘डोळा लाल झालाय, काहीतरी द्या’ म्हटलं की हातात बाटली येते. दोन दिवसांत लाली गायब. मग दर वेळी तीच बाटली. त्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टरांनी मोजून दिलेलं स्टेरॉइड उपयोगाचं असतं. मनाने महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. टेरिजियमने जेवढं नुकसान झालं नसतं, तेवढं त्याच्यावरच्या ड्रॉपने होतं. घरातल्या बाटल्यांची लेबलं आजच वाचा.

वाढ थोपवायला ऊन अडवणं महत्त्वाचं. गॉगल घ्यायचा तर यूव्ही-४०० लिहिलेला आणि बाजूनेही डोळा झाकणारा घ्या, कारण तिरपा प्रकाशच जास्त त्रास देतो. ‘आई गॉगल घालून खुरपायला गेली तर गाव हसेल’ ही अडचण खोटी नाही. मग कारखान्यात वापरतात तो पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक सुरक्षा चष्मा बघा. पॉलिकार्बोनेट जवळपास सगळी अतिनील किरणं अडवतं, धूळही अडते आणि तो दिसतो साध्या चष्म्यासारखा. वर रुंद काठाची टोपी किंवा पुढे ओढलेला पदर. आणि दर सहा महिन्यांनी एकाच जागी, एकाच उजेडात डोळ्याचा फोटो काढून ठेवा. वाढ होतेय की नाही, हे आठवणीपेक्षा फोटो नीट सांगतो.

ऑपरेशन कधी?

साधारण चार कारणं. मांस बाहुलीच्या दिशेने सरकून नजरेच्या आड येतंय. कॉर्नियाला ओढ बसून चष्म्याचा सिलिंडर नंबर वाढतोय. डोळा हलवताना ओढल्यासारखं होतंय, दोन-दोन दिसतंय. किंवा डोळा सारखा लाल होतोय आणि ड्रॉप्सने भागत नाही. ‘दिसायला बरं वाटत नाही’ हे पाचवं कारण. तेही खोटं नाही, पण त्यावर पुढे बोलू.

आजीला मोतीबिंदू आणि टेरिजियम दोन्ही असतील तर डॉक्टर अनेकदा आधी टेरिजियम काढून काही आठवडे-महिने थांबायला सांगतात. टेरिजियमच्या ओढीने कॉर्नियाचं माप चुकीचं आलं तर आत बसवायच्या भिंगाचा नंबरही चुकू शकतो. हा उगाच घातलेला हेलपाटा नाही, त्यामागे हिशेब आहे.

तो एक प्रश्न

आता मुद्द्याचं. हे ऑपरेशन नवं नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘अर्म’ या नावाने याचे पाच प्रकार आणि शस्त्रक्रिया सांगितली आहे : सैंधव मिठाने मांस सैल करायचं, आकड्याने उचलायचं आणि मंडलाग्र नावाच्या शस्त्राने कापायचं. काही उरलं तर ते खरवडून काढण्याचीही सूचना आहे. म्हणजे हे मांस पुन्हा डोकं वर काढतं, याची जाणीव तेव्हाच्या वैद्यांनाही होती. कापणं कधीच फार अवघड नव्हतं. परत येऊ न देणं अवघड होतं.

म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा : ‘मांस काढल्यावर उघडी पडलेली जागा कशाने झाकणार?’

उत्तर ‘तशीच ठेवणार’ असेल तर सावध व्हा. नुसतं कापून जागा उघडी सोडली तर टेरिजियम परत येण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत २४ ते ८९ टक्क्यांपर्यंत दिसलं आहे. परत आलेलं मांस पहिल्यापेक्षा जाड, चिकटलेलं आणि काढायला कठीण असतं.

आज जास्त भरवशाची मानली जाते ती ऑटोग्राफ्ट पद्धत. त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखाली झाकलेल्या, उन्हापासून वाचलेल्या भागातून पातळ आवरणाचा तुकडा घेतात आणि उघड्या जागेवर बसवतात. शर्टाच्या आतल्या शिवणीतलं कापड काढून बाहेर ठिगळ लावावं, तसं. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या केनेथ केनियन आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीचे निष्कर्ष मांडले, तेव्हा ५७ डोळ्यांपैकी फक्त ३ डोळ्यांत टेरिजियम परत आलं होतं. पुढच्या अभ्यासांत आकडे कमी-जास्त झाले, पण उघडी जागा सोडण्यापेक्षा हे बरं, यावर डॉक्टरांचं एकमत आहे.

ठिगळ टाक्यांनी बसवता येतं किंवा फायब्रिन ग्लू नावाच्या जैविक डिंकाने. ग्लूने वेळ कमी लागतो, नंतर टोचत नाही, पण खर्च वाढतो. काही ठिकाणी रुग्णाच्या स्वतःच्या रक्ताची गुठळीच डिंकासारखी वापरतात. पुरेसं आवरण मिळत नसेल तर वारेच्या आतल्या पडद्याचा, म्हणजे ॲम्नियॉटिक मेम्ब्रेनचा पर्याय असतो. मायटोमायसिन-सी हे कॅन्सरवरचं औषध अगदी थोडा वेळ लावूनही परत येणं कमी करता येतं, पण जास्त झालं तर डोळ्याची पांढरी भिंत पातळ होण्याचा धोका असतो. ते वापरणार असतील तर का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ऑपरेशन बहुधा फक्त डोळा बधिर करून होतं आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

तुमच्या स्वतःच्या डोळ्यात असेल तर?

राहुरीच्या कृषी विद्यापीठात दिवसभर प्लॉटवर असता, भरतीसाठी भर उन्हात ग्राउंड मारता, आणि सेल्फीत डोळ्यातला तो लाल कोपरा दिसतो. ‘काढूनच टाकू’ असं वाटणं साहजिक आहे. पण तरुण वयात टेरिजियम परत येण्याची शक्यता जास्त असते. नजरेला त्रास नसताना फक्त दिसण्यासाठी ऑपरेशन केलं आणि ते परत आलं, तर आधीपेक्षा वाईट दिसेल आणि दुसरं ऑपरेशन अवघड जाईल. डॉक्टर थांबा म्हणत असतील तर ते टाळाटाळ करत नाहीत.

तारीख ठरवताना

ऑपरेशननंतर काही आठवडे ड्रॉप्स घालायचे असतात, ते टप्प्याटप्प्याने कमी करायचे असतात. त्यात स्टेरॉइड असतं, म्हणून दाबही तपासावा लागतो. धूळ आणि विहिरीतलं पोहणं बंद. टेरिजियम परत यायचं असेल तर बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच दिसतं. घरचे लोक दिवाळीच्या सुमारास तोडणीला जाऊन उन्हाळ्यात परतत असतील, तर निघायच्या तोंडावर ऑपरेशन करू नका. परतल्यावर लगेच करा, म्हणजे सुरुवातीच्या तपासण्या गावात असतानाच होतील. पुढच्या तपासणीसाठी ऑपरेशनचे कागद सोबत द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनाही बघता येईल.

जिल्ह्यात कुठे? नगरचं जिल्हा रुग्णालय, लोणीचं प्रवरा रुग्णालय, विळद घाटातलं वैद्यकीय महाविद्यालय, शहरातलं आनंदऋषीजी हॉस्पिटल, अशा ठिकाणी डोळ्यांची तपासणी होते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. हे ऑपरेशन योजनेत बसतं का, कोणते कागद लागतील, हे आधी त्याला विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

चिठ्ठीच्या मागे लिहून न्या

• आत्ता ऑपरेशनची गरज आहे का, की थांबता येईल?
• उघडी जागा कशाने झाकणार? टाके की ग्लू?
• कापलेला तुकडा तपासायला पाठवणार का?
• ड्रॉप्स किती दिवस आणि दाब कधी तपासायचा?
• कामावर, शेतावर पुन्हा कधी जाता येईल?