उतारवयातले पोट : खोडव्याची मशागत वेगळी



लागण, खोडवा, हुमणी, तोडणीचा प्रोग्रॅम या विषयांवर या पानावर नेहमीच लिहिणे होते. या खेपेस विषय जरा वेगळा आहे. वैभववाडी गटात फिरताना असे दिसते की, साठीच्या पुढच्या सभासदांशी उसावर दहा मिनिटे बोलणे झाले की पुढची वीस मिनिटे पोटावर जातात. कुणी म्हणतो, "साहेब, पोट साफ होणा नाय." कुणाला रात्री छातीत जळजळते, कुणाला दोन घास खाल्ले की पोट तट्ट फुगते. त्यावर उपाय म्हणजे दुकानातली गॅसची गोळी नाहीतर सोड्याची पुडी. मी शेती पदविकेचा माणूस, डॉक्टर नव्हे. औषध सांगणे माझे काम नाही. पण खाण्यात काय बदल करावा आणि दवाखाना केव्हा गाठावा, एवढे समजून घेण्यास डॉक्टर असावे लागत नाही.

खोडव्याला आपण लागणीसारखे वागवतो का? नाही. खोडव्याची जुनी मुळे मरत जातात, नवी फुटतात. म्हणून पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस अशी की, खत वरून एकदम फेकू नये. पहारीने भोक घेऊन दोन हप्त्यांत द्यावे, पहिला हप्ता तोडणीनंतर १५ दिवसांत आणि दुसरा १३५ दिवसांनी. खोडवा काही वाईट पीक नव्हे. नीट सांभाळला तर कमी खर्चात चांगला उतारा देतो. साठीच्या पोटाचेही असेच आहे. ते बिघडलेले नसते, त्याची मशागत बदलावी लागते.

वयाबरोबर काय बदलते?

पहिली गोष्ट दातांची. दाढा गेल्या की चावणे कमी होते, भाकरी नको वाटते आणि माणूस चहा-खारी, चहा-बटर यांवर येतो. मैद्यात चोथा जवळजवळ नसतोच. दुसरी गोष्ट तहानेची. म्हातारपणी शरीराला पाण्याची गरज असूनही तहान तेवढी लागत नाही. त्यातच रात्री उठावे लागेल म्हणून, किंवा शेतावर आडोसा नाही म्हणून, आपल्या माताभगिनी मुद्दाम पाणी कमी पितात. तिसरी गोष्ट, आतड्याची हालचाल मंदावते, अंगमेहनतही कमी झालेली असते. चौथी, लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी मळ घट्ट होतो. पाचवी, दूध पचवणारा रस पुष्कळ भारतीयांत लहानपणानंतर कमी होत जातो. त्यामुळे ज्यांना दुधाने पोट फुगते, त्यांना ताक मात्र सोसते.

चोथा हवा, पण पाण्यासह

डॉ. डेनिस बर्किट हे आयरिश शल्यचिकित्सक युगांडात पुष्कळ वर्षे होते. जाडेभरडे खाणाऱ्या खेड्यातल्या लोकांचा मळ भरपूर असतो आणि लवकर बाहेर पडतो, तर चाळलेले पीठ खाणाऱ्या इंग्रजांचा मळ थोडा असतो आणि रेंगाळतो, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. अन्नातल्या चोथ्याकडे जगाचे लक्ष वेधण्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडे हा चोथा बाजारातून आणावा लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्याप्रमाणे १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम चोथा आहे, सडलेल्या पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नाही. कॅल्शियम तर नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर आहे. आपल्या वरकस जमिनीतली नाचणी आपण विकतो किंवा पेरणेच सोडतो, आणि शहरात तीच महाग पाकिटांतून विकली जाते. उकड्या तांदळाचीही गोष्ट अशीच. भात उकडताना कोंड्याकडचे ब-१ जीवनसत्त्व दाण्यात शिरते, म्हणून सडल्यावरही ते बरेचसे टिकते. सकाळची उकड्या तांदळाची पेज म्हणजे गरिबाचे खाणे, असे म्हणून तिला हिणवू नये. तिच्यात अन्नही आहे आणि पाणीही आहे.

पण येथे एक धोक्याची सूचना. शेतात पाचट ठेवले आणि पाणी दिले नाही तर पाचट कुजत नाही, नुसते अडून बसते. पोटातही तसेच होते. चोथा वाढवला आणि पाणी वाढवले नाही तर बद्धकोष्ठ वाढतेच. म्हणून दर खाण्याबरोबर आणि अधूनमधून पाणी, पेज, ताक, सार असे काहीतरी पोटात जावे. इसबगोल घ्यायचा तर पेलाभर पाण्यासोबतच घ्यावा. गिळताना अडकते त्यांनी तो घेऊ नये. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदल करावा. आणि बदल हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत करावा. आज पाव आणि उद्या तिन्ही त्रिकाळ नाचणी असे केल्यास पोट गुबारते, आणि मग दोष नाचणीला जातो.

हप्ते पाडा

दोन वेळा भरपेट जेवण्यापेक्षा तेच अन्न चार-पाच हप्त्यांत घ्यावे. नमुना म्हणून एक दिवस असा :

१. सकाळी उकड्या तांदळाची पेज.

२. दहाच्या सुमारास नाचणीची आंबील. दात असतील तर भाकरी.

३. दुपारी थोडा भात, कुळथाची पिठी किंवा मुगाची आमटी, माठ, शेवगा, दुधी यांपैकी शिजवलेली भाजी आणि ताक.

४. चारच्या सुमारास पपई किंवा पिकलेले केळे.

५. रात्री सातच्या आत मऊ भात किंवा भाकरी आणि पातळ आमटी.

जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. छातीत जळजळणाऱ्यांनी खाटेच्या उशाकडील दोन्ही पायांखाली विटा देऊन ती बाजू वीतभर उंच करावी. नुसत्या दोन उशा घेऊन भागत नाही, त्याने पोट दुमडते. मिश्री, तंबाखू, बिडी आणि दारू यांनी जळजळ वाढते, हे सर्वांना ठाऊक आहे, तरी लिहितो. आमसुलाचे सार पुष्कळांना मानवते. पण ज्यांना आंबटाने जळजळते त्यांनी हट्ट धरू नये. आणि सभासदांना सवलतीची साखर मिळते म्हणून ती सारी चहाच्या कपातूनच संपवली पाहिजे, असे नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी नाचणीही मोजूनच खावी, तिच्यातही पिष्ट आहे.

सर्वच सोडू नका

वडीलधाऱ्यांची एक खोड अशी की, आज डाळ बाधली म्हणून डाळ सोडली, उद्या मासळी सोडली, परवा भाजी, आणि शेवटी चहा नि बिस्कीट एवढेच उरले. पोटाला आराम मिळाला असे वाटते, पण अंगातले मांस झडते, चालताना तोल जातो. डाळ बाधत असेल तर ती रात्री भिजत घालून, पाणी बदलून, मऊ शिजवून पाहावी. चण्यावाटाण्याऐवजी मूग घ्यावा. तळलेला बांगडा जड वाटत असेल तर तो कढीत, कमी तेलात करावा, बंद करू नये. मासळी, अंडी, दूध-ताक यांतून ब-१२ जीवनसत्त्व मिळते, आणि म्हातारपणी त्याचीच कमतरता पडते. एका वेळी एकच पदार्थ बंद करून आठ-दहा दिवस पाहावे, फरक नसेल तर पुन्हा सुरू करावा. आपण प्लॉटची नोंद ठेवतो, तशी ही नोंदही वहीत ठेवावी.

येथे आहाराचे काम संपते

आता सर्वात महत्त्वाचे. पुढील लक्षणांवर पथ्य करीत बसू नये :

मळातून रक्त पडणे, किंवा मळ डांबरासारखा काळा होणे (लोहाच्या गोळ्यांनीही काळा होतो, तरी डॉक्टरांना दाखवावे). कारण नसता वजन घटणे. गिळताना अडकणे. वारंवार उलटी. साठीनंतर शौचाची जुनी सवय एकाएकी बदलणे आणि तशीच राहणे. यांपैकी काही गोष्टींच्या मागे आतड्याचा किंवा जठराचा कर्करोग असू शकतो. तो लवकर सापडला तर उपचार होतात, उशीर झाला तर हात टेकावे लागतात.

गुडघेदुखीच्या गोळ्या उपाशीपोटी, दुकानातून आणून, महिनोन्‌महिने खाणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. त्यांनी जठराला जखम होऊन आतल्या आत रक्त जाते. जठराच्या जखमेचे दुसरे मोठे कारण तिखट नसून एक जंतू आहे. तो बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी १९८२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात शोधला, त्याबद्दल त्यांना २००५ साली नोबेल मिळाले. तपासणीत तो सापडला तर औषधांच्या ठराविक कोर्सने जातो. म्हणजे जो माणूस वर्षानुवर्षे गॅसची गोळी चघळतो आहे, त्याचा आजार कदाचित पंधरवड्याच्या औषधांनी बरा होणारा असेल.

आणि छातीत दाब, दरदरून घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर तो 'गॅस' समजून सोडा पिऊ नये. ते हृदयाचे दुखणे असू शकते. वेळ रात्रीची असो वा तोडणीची, मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा.

"हंगाम संपू दे, मग दाखवतो" हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येते. गाडी भरली, घाट चढला, वजनकाट्याची पावती हाती आली की मग बघू, असे म्हणता म्हणता पाडवा येतो. ऊस चार दिवस मागेपुढे तुटला तर वजनात थोडी घट येईल, ती पुढच्या वर्षी भरून काढता येते.

शेवटी एक विनंती. हा लेख घरात मोठ्याने वाचून दाखवावा. कारण पेज शिजवणार सूनबाई किंवा घरधनीण, आणि दवाखान्यात नेणार मुलगा. म्हाताऱ्याने एकट्याने वाचून घडी घालून ठेवला तर त्याचा उपयोग नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी