दहा माणसांची एक अश्वशक्ती

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात मायामी हे समुद्रकाठचे मोठे शहर आहे. त्या शहरात विनवुड नावाची एक वस्ती आहे. संध्याकाळी तेथील रस्त्यांवर एक चमत्कारिक वाहन हिंडताना दिसते. वर छप्पर, चारी बाजू मोकळ्या, मधोमध एक लांबट टेबल आणि टेबलाच्या दोन्ही अंगांना समोरासमोर तोंडे करून उंच बैठकांवर बसलेली माणसे. बसलेल्यांपैकी दहाजण पाय हलवीत असतात, कारण त्यांच्या बैठकीखाली सायकलीसारखी पायडले बसवलेली असतात. गाणी चाललेली असतात, टेबलावर बिअरचे डबे असतात आणि एका बारपासून दुसऱ्या बारपर्यंत ही सगळी वरात माणसाच्या भरभर चालण्यापेक्षा जराशा जास्त वेगाने सरकत असते.

ही करमणूक तुमच्यासाठी नव्हे, हे सांगायला नको. अमेरिकेतही एकवीस वर्षांखालील मुलांना मद्य विकत घेता येत नाही. पण या वाहनात पदार्थविज्ञान आणि शरीरविज्ञान इतके ठासून भरले आहे, की विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ते दुरून तरी नीट पाहावे.

पहिला प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. दहा माणसे पायडल मारतात, मग गाडी इतकी हळू का? एकटा मनुष्य सायकलीवर ताशी १५ किलोमीटर सहज जातो. दहाजणांनी मिळून निदान तेवढे तरी जायला हवे!

उत्तर शोधण्यापूर्वी यंत्ररचना पाहू. १९९७ साली नेदरलँड्समध्ये दोन भावांनी अशी पहिली गाडी बांधली. डच भाषेत तिला ‘फीट्सकॅफे’, म्हणजे सायकल-कॅफे, म्हणतात. सायकलीवर आपण जिकडे जायचे तिकडे तोंड करून बसतो. येथे मात्र माणसे टेबलाकडे, म्हणजे गाडीच्या दिशेला आडवी, तोंडे करून बसतात. त्यामुळे पायडलांचा आस गाडीच्या लांबीच्या दिशेने येतो आणि चाकांचा आस रुंदीच्या दिशेने. फिरण्याची दिशा काटकोनात वळवणे भाग पडते. मोटारीच्या मागच्या आसावर दातेरी चाकांची जी जोडी असते, तशी जोडी वापरली म्हणजे हे काम होते.

आणखी एक गंमत आहे. आपल्या मित्राला समोर बसवा आणि दोघेही हवेत पायडल मारल्यासारखे पाय फिरवा. दोघेही ‘पुढे’च पायडल मारत आहात, पण बाजूला उभा राहून पाहणाऱ्याला एकाचे पाय घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरताना दिसतील आणि दुसऱ्याचे उलट. गाडीतील दोन रांगांचे असेच होते. दोन्ही रांगांच्या साखळ्या एकाच दांड्याला सरळ जोडल्या, तर दोन्ही बाजू एकमेकींविरुद्ध झटतील आणि गाडी जागची हलणार नाही! म्हणून एका रांगेची गती मध्ये दातेरी चाक घालून उलटवावी लागते, किंवा दोन्ही रांगांना वेगळे दांडे द्यावे लागतात. दोन दातेरी चाके एकमेकांत अडकली की नेहमी विरुद्ध दिशांना फिरतात, हा नियम येथे उपयोगी पडतो.

आता वेगाचे गणित. सवय नसलेला साधारण मनुष्य तासभर न थकता सुमारे ७५ वॅट एवढी शक्ती पायांनी देऊ शकतो. कसलेला सायकलपटू याच्या तिप्पट-चौपट देतो, पण सहलीला आलेली मंडळी कसलेली नसतात. तेव्हा दहाजणांचे ७५० वॅट झाले. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे दहा माणसे मिळून जेमतेम एक घोडा!

या एका घोड्याने ओढायचे किती? रिकामी गाडी साधारण १००० किलोग्रॅमची धरू. पंधरा माणसे चढली की आणखी तितकेच वजन वाढते. एकूण २००० किलोग्रॅम, म्हणजे दोन टन. टायर रस्त्यावर दबतो, पुन्हा फुगतो आणि या दबण्या-फुगण्यात ऊर्जा खर्ची पडते. शिवाय साखळ्या, दातेरी चाके यांचे घर्षण आहेच. हा सगळा विरोध वजनाच्या दीड टक्का धरला, तर तो २००० × ९.८ × ०.०१५, म्हणजे जवळजवळ ३०० न्यूटन भरतो. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून वेग = ७५० ÷ ३०० = सेकंदाला २.५ मीटर. ताशी ९ किलोमीटर झाले. वाटेत थोडा आळस धरला की ताशी ८ उरतात, आणि रस्त्यावर गाडी साधारण तेवढ्याच वेगाने चालताना दिसते.

आळस हा शब्द मी उगाच वापरला नाही. सायकल उलटी करून मागचे चाक फिरवा आणि पायडल धरून ठेवा. पायडल थांबले तरी चाक फिरत राहते. ही फ्रीव्हीलची करामत. या गाडीतही प्रत्येक पायडलाला फ्रीव्हील असले म्हणजे एकाने पाय थांबवले तरी बाकीच्यांना तो अडथळा होत नाही. पण त्यामुळेच कोण खरोखर जोर लावतो आहे आणि कोण नुसते पाय फिरवतो आहे, हे शेजाऱ्यालाही कळत नाही.

मॅक्स रिंगेलमान नावाच्या एका फ्रेंच कृषी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. त्याचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. आठ माणसांनी एकत्र दोर ओढला, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला त्याच्या एकट्याच्या ताकदीच्या निम्माच जोर आला. काहींनी म्हटले, सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही म्हणून असे होते. मग १९७४ साली अमेरिकेतील संशोधकांनी एक युक्ती केली. डोळे बांधलेल्या माणसाला दोराच्या पुढच्या टोकाला उभे केले आणि मागे आणखी माणसे ओढत आहेत असे त्याला भासवले. प्रत्यक्षात ओढणारा तो एकटाच! तरीही त्याचा जोर कमी झाला. वर्गाची सफाई चालू असताना झाडू हातात धरून नुसता उभा राहणारा मित्र तुम्ही पाहिलाच असेल.

सपाट रस्त्यावर ही सुस्ती खपून जाते. चढावर खपत नाही. शंभर मीटरला तीन मीटर चढ म्हणजे डोळ्यांना फारसा जाणवणारही नाही असा चढ. पण दोन टन गाडीला तेवढ्याने ६०० न्यूटनचा जास्तीचा विरोध होतो. एकूण विरोध तिप्पट झाला, म्हणजे वेग तिसऱ्या हिश्श्यावर, ताशी तीन किलोमीटर! नेदरलँड्स सपाट देश आहे आणि मायामी शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर सपाट पसरलेले आहे. अशा गाड्यांचे तेथे चांगले जमावे यात नवल नाही. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांना मदतीसाठी विजेची मोटर बसवलेली असते.

चढ नुसता दमवतो. उताराची गोष्ट निराळी. ५० मीटरांत एका मजल्याएवढा, म्हणजे ३ मीटर, उतार आहे आणि ब्रेक लावलाच नाही असे समजा. तीन मीटर खाली येताना दोन टन गाडीला सुमारे ५९,००० ज्यूल ऊर्जा मिळते. रस्ता त्यातील १५,००० खातो. आधीची सुमारे ५,००० ज्यूल गतिज ऊर्जा मिळवली की उताराच्या तळाशी वेग सेकंदाला ७ मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटर होतो. वेग तिप्पट झाला, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून ती दसपट झाली.

वळणावरही हाच वर्ग आडवा येतो. ६ मीटर त्रिज्येच्या वळणावर नेहमीच्या वेगाने गाडीला बाहेर फेकू पाहणारा त्वरण ०.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असतो. ताशी २५ किलोमीटरला तोच ८ च्या वर जातो. माणसे उंच बैठकांवर बसलेली असल्याने गुरुत्वमध्य वर असतो. तो जमिनीपासून १.२ मीटरवर आणि दोन चाकांतील अंतर १.५ मीटर धरले, तर ६ च्या पुढे गेले की आतली चाके उचलली जातात. हे केवळ कागदावरचे भय नाही. २०२२ सालच्या जून महिन्यात अमेरिकेतील अटलांटा शहरात अशी एक गाडी वळण घेताना उलटली आणि पंधराजण जखमी झाले.

म्हणूनच पायडल मारणाऱ्या दहाजणांपैकी कोणाच्याही हाती सुकाणू नसते की पायाखाली ब्रेक नसतो. ते काम पुढे बसलेल्या चालकाचे, आणि त्याने मद्याचा थेंबही घेतलेला नसावा लागतो.

बाकीचे म्हणतील, आम्ही तर घाम गाळतो, घेतलेली बिअर तिथल्या तिथे जिरवतो! हा समज फार पसरलेला आहे, आपल्याकडेही. तो तपासून पाहू.

दोन तासांच्या फेरीत थांबे वगळून एक तास पायडल मारले असे धरा. ७५ वॅटप्रमाणे तासाचे २७०,००० ज्यूल काम झाले. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्साच कामात बदलतात, उरलेली उष्णता होऊन जाते. म्हणजे अन्नातून साडेतेरा लाख ज्यूल, किंवा सव्वातीनशे किलोकॅलरी, खर्च झाल्या. ३५५ मिलिलिटरच्या बिअरच्या एका डब्यात सुमारे १५० किलोकॅलरी असतात. दोन डबे घेतले की तासाभराच्या मेहनतीचा हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटला.

पण हा झाला ऊर्जेचा हिशेब. नशेचा हिशेब वेगळा आहे आणि तो पायडलाने सुटत नाही. एका डब्यात सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असते. घाम, श्वास आणि लघवी यांच्या वाटे त्यातील दहा टक्क्यांहूनही कमी भाग बाहेर जातो. बाकीचे सारे यकृतात जाते. तेथे विकरे त्याचे आधी ॲसिटाल्डिहाइड आणि मग ॲसिटिक आम्ल करतात. हे काम तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम एवढेच होते. स्टेशनवर तिकिटाची एकच खिडकी उघडी असावी तसे हे आहे. बाहेर रांग कितीही वाढली, कोणी कितीही धावत आले, तरी खिडकीतून तिकिटे तेवढ्याच गतीने मिळणार. मांड्यांचे स्नायू अल्कोहोल थेट जाळू शकत नाहीत. म्हणून पायडल मारा, कॉफी प्या की थंड पाण्याने तोंड धुवा, दोन डब्यांतील २८ ग्रॅम अल्कोहोल जायला तीन-चार तास लागतातच. उलट मद्यामुळे लघवी जास्त होते आणि फ्लॉरिडाच्या उकाड्यात घामही जातो, त्यामुळे शरीरातील पाणी दुहेरी घटते. त्यात तोल सांभाळणारा लहान मेंदू गुंगलेला. अशा अवस्थेत उंच बैठकीवरून रस्त्यावर उतरायचे, आणि शेजारून मोटारी जात असतात!

या गाडीच्या मंदपणाचा एक फायदा मात्र विनवुडमध्ये होतो. पूर्वी ही वस्ती कपड्यांच्या कारखान्यांची आणि गोदामांची होती आणि पोर्टो रिकोहून आलेली कष्टकरी कुटुंबे तेथे राहत. गोदामांना खिडक्या थोड्या आणि भिंती मोठ्या. २००९ साली टोनी गोल्डमन या जमीन-व्यावसायिकाने तेथील काही भिंती जगभरच्या चित्रकारांना रंगवायला दिल्या. आज भिंतीमागून भिंत प्रचंड चित्रांनी भरलेली आहे. ३० मीटर लांबीचे चित्र ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीतून तीन सेकंदांहून कमी वेळ दिसते. पायडलच्या गाडीतून तेरा-चौदा सेकंद. शिवाय माणसे आडवी बसलेली, त्यामुळे समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडची भिंत आपोआप नजरेत येते. आपल्या पाठीमागची भिंत मात्र समोरच्या रांगेच्या वाट्याला! चित्रांच्या पाठोपाठ बार आले, पर्यटक आले, जागेची भाडी चढली आणि पूर्वीच्या रहिवाशांपैकी अनेकांना वस्ती सोडावी लागली. भिंतीसमोर तेरा सेकंद रेंगाळणाऱ्या प्रवाशाला ही बाजू दिसत नाही.

जे तेथे राहतात त्यांना गाण्यांचा गोंगाट आणि मागे तुंबलेली वाहने सोसावी लागतात. नेदरलँड्स हे या गाडीचे माहेर, पण तेथीलच ॲमस्टरडॅम शहराने नोव्हेंबर २०१७ पासून शहराच्या मध्यभागात तिला बंदी केली. त्याआधी, २०१२ साली, जर्मनीतील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापुढे ड्युसेलडॉर्फ शहरातील अशा गाड्यांचा प्रश्न आला होता. मालकांचे म्हणणे, हे वाहन आहे, मग रस्त्यावर चालवायला खास परवानगी कशाला? न्यायालयाने पाहिले की यात बसणारे कोठे पोचण्यासाठी बसत नाहीत, ते मेजवानी करायला बसतात. म्हणून रस्त्याचा हा उपयोग वाहतुकीचा नव्हे, त्यासाठी वेगळा परवाना घ्यावा लागेल, असा निकाल दिला गेला.